एन्नोरचा वायू आणि वाटेवरची गावे

चेन्नईच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेले एन्नोर ओळखले जाई ते कोळशासाठी. आधी तिथे औष्णिक वीजकेंद्र आले आणि 2001 मध्ये मुख्यतः वीजकेंद्रांचा कोळसा उतरवण्यासाठी बंदर झाले. 2014 पासून कामराजर बंदर म्हणवणाऱ्या या बंदरात 6 मार्च 2019 रोजी पूर्व किनाऱ्यावरचे पहिले एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल सुरू झाले. इंडियन ऑईल आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या या प्रकल्पाला सुमारे 5,151 कोटी रुपये लागले. त्याची क्षमता वर्षाला 50 लाख टनांची आहे.

उणे 162 अंशांना नैसर्गिक वायूचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते, म्हणून तो जहाजाने आणणे परवडते. किनाऱ्यावर त्याचा पुन्हा वायू केला की पुढे नळ लागतो, आणि सुरुवातीची वर्षे एन्नोरला तोच तोकडा पडला. गिऱ्हाइके होती ती शेजारच्या मनालीची. तिथला मद्रास फर्टिलायझर्सचा कारखाना 2019 मध्ये नाफ्त्यावरून वायूवर आला. टर्मिनलची बरीचशी क्षमता मात्र पडूनच राहिली. कोकणातल्या दाभोळच्या एलएनजी टर्मिनलची अडचण उलटी होती. 2013 मध्ये टर्मिनलबरोबरच बंगळूरूपर्यंतची वायुवाहिनी तयार झाली, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे येत नसत.

एन्नोरहून बंगळूरू, नागपट्टिणम, मदुराई आणि तुतिकोरिनपर्यंतच्या वाहिनीचे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. 26 मे 2022 रोजी एन्नोर–चेंगलपट्टू (115 किलोमीटर, सुमारे 850 कोटी) आणि तिरुवळ्ळूर–बंगळूरू (271 किलोमीटर, सुमारे 910 कोटी) हे टप्पे राष्ट्राला अर्पण झाले. एवढा खर्च भरून निघतो तो खतकारखाने, शुद्धीकरण कारखाने आणि उद्योगवसाहतींच्या जोरावर. वाटेवरच्या गावाची मागणी त्यापुढे किरकोळ ठरते. एक घर स्वयंपाकाला दिवसाला साधारण अर्धा घनमीटर वायूही जाळत नाही. सीएनजीवरच्या मोटारीत एकदा भरलेला आठ किलो वायू त्या घराला जवळजवळ महिनाभर पुरेल. त्या घरासाठी मात्र गावाच्या वेशीपासून पॉलिएथिलीनचा नळ पुरायचा, दाब 4 बारवरून शेगडीपाशी 21 मिलिबारवर आणायचा आणि दारात मीटर बसवायचा. म्हणून वितरक आधी महामार्गावर सीएनजी पंप काढतात. गल्लीतले खोदकाम मागाहून.

हा क्रम बदलावा म्हणून पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने 2018 मध्ये शहर वायू वितरणाच्या परवान्यांच्या नवव्या फेरीत निविदांचे गणितच बदलले. आधीच्या फेऱ्यांत कमी दराला महत्त्व असल्याने काही कंपन्यांनी एका पैशाचे दर भरले होते. असा दर भरून नळ कोण पुरणार? नव्या पद्धतीत 50 टक्के गुण घरगुती जोडण्यांना आणि 20 टक्के सीएनजी पंपांना मिळाले. पाइपलाइनची लांबी आणि दोन प्रकारच्या दरांना प्रत्येकी 10 टक्के. कांचीपुरम एजी अँड पी कंपनीकडे गेले, चेन्नई–तिरुवळ्ळूर टोरेंट गॅसकडे. क्षेत्र जिल्हानिहाय असल्याने शहराच्या कमाईवर तालुक्याची गावे जोडली जावीत, असा हिशेब होता. जिथे मुख्य वाहिनी पोचली नाही तिथे टँकरने एलएनजी नेऊन पंपावरच त्याचा वायू करण्याचा मार्ग निघाला. तो घराघरांत जाण्याइतका स्वस्त नाही, पण मागणी जमेपर्यंत पंप चालवायला पुरतो.

वाहतुकीचा भार 1 एप्रिल 2023 पासूनच्या एकत्रित दराने वाटला गेला. तोवर वायू एकामागून एक वाहिन्यांतून गेला की प्रत्येकीचे भाडे वेगळे चढत असे आणि दूरच्या गावाला तो महाग पडे. 2023 मध्ये राष्ट्रीय जाळ्यासाठी अंतराच्या तीन टप्प्यांनुसार दर ठरले होते. मात्र ही सवलत गावच्या वेशीवर संपते. तिथून शेगडीपर्यंतच्या नळाचा खर्च वितरकाने त्याच गावातून वसूल करायचा असतो.