सिंहगडाची लढाई : बखर ते चित्रपट – ऐतिहासिक सत्यतेचा एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास हा विषय शाळा-महाविद्यालयांत शिकविला जात असला, तरी बहुसंख्य समाज तो पडद्यावरूनच शिकतो. युद्धपटांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. ग्रंथातील लढाई वाचकाला कल्पनेने उभी करावी लागते. चित्रपटातील लढाई मात्र तो ‘पाहतो’, आणि पाहिलेले सहसा खोटे वाटत नाही. त्यामुळे युद्धपटातील ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न हा केवळ पोशाख आणि शस्त्रे यांच्या अचूकतेचा राहत नाही. तो समाजाच्या स्मृतीचा प्रश्न बनतो. प्रस्तुत लेखात ४ फेब्रुवारी १६७० (माघ वद्य नवमी, शके १५९१) च्या रात्री झालेली कोंढाण्याची लढाई आणि तिच्यावर आधारित २०२० साली प्रदर्शित झालेला ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ हा हिंदी चित्रपट यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ साधने काय सांगतात?

१६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले. त्यांत कोंढाणा होता. १६७० च्या प्रारंभी गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली व तिच्यातील पहिले मोठे यश म्हणजे कोंढाणा होय. या लढाईचे सविस्तर आणि तुलनेने जवळच्या काळातील वर्णन कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत येते. ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिली गेली; म्हणजे घटनेनंतर सुमारे पाव शतकाने.

सभासदाच्या कथनाचा सांगाडा साधा आहे. तानाजी मालुसरे निवडक मावळे घेऊन रात्री कड्याखाली गेला, मावळ्यांनी कडा चढून गड गाठला, गडावरील मोगलांच्या चाकरीतील राजपूत किल्लेदार उदयभान याच्याशी हातघाईची लढाई झाली, ढाल तुटल्यावरही तानाजी लढत राहिला आणि दोघेही एकमेकांच्या हातून पडले. त्यानंतर तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोकांना सावरून गड घेतला. गड हाती आल्याची खूण म्हणून आग पेटविण्यात आली व तिचा उजेड राजगडावरून दिसला. वार्ता ऐकून महाराजांनी एक गड मिळाला पण एक गड गेला, अशा आशयाचे उद्गार काढले, असे बखरकार सांगतो. या कथनात घोरपड नाही आणि सिंहाची उपमाही नाही.

आख्यायिकेची वाढ :

मग आज सर्वपरिचित असलेले तपशील आले कोठून? यशवंती घोरपड, रायबाचे लग्न, वृद्ध शेलारमामा हे सर्व प्रामुख्याने शाहीर तुळशीदासाच्या नावावर असलेल्या पोवाड्याने लोकमानसात रुजविले. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापल्यावर ही कथा शिक्षित वर्गापर्यंतही पोहोचली. पुढे १९०३ मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात उदयभानाने बळाने आणलेली कमलकुमारी ही राजपूत स्त्री येते. हे पात्र कादंबरीच्या गरजेतून निर्माण झालेले आहे.

किल्ल्याच्या नावाचीही हीच गत आहे. तानाजीच्या बलिदानामुळे कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव मिळाले, असे सर्रास सांगितले जाते. तथापि १६६३ च्या शिवकालीन पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आढळते. म्हणजे लढाईच्या सात वर्षे आधी हे नाव प्रचारात होते. कादंबरीचे शीर्षक इतके प्रभावी ठरले की त्यापुढे अस्सल पत्र फिके पडले.

पडद्यावरील सिंहगड :

मराठी चित्रसृष्टीचा सिंहगडाशी संबंध फार जुना आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि शेलारमामाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पुढे १९३३ मध्ये शांतारामांनीच प्रभात फिल्म कंपनीसाठी याच विषयावर बोलपट दिग्दर्शित केला. या दोन्ही कृतींचा आधार बखर नसून कादंबरी होता, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे चित्रपटाने इतिहासात बदल केला असे म्हणण्यापूर्वी, त्याच्या हाती आलेला इतिहासच आधी बदललेला होता, हे मान्य करावे लागते.

‘तान्हाजी’ या चित्रपटातील कमल हे पात्र याचे उत्तम उदाहरण आहे. ते कादंबरीतून आलेले आहे. परंतु कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाला ते ऐतिहासिक व्यक्तिमत्त्व वाटते. एका लेखकाची कल्पना शंभर वर्षांत अशा रीतीने ‘घटना’ बनते.

चित्रपटाने स्वतः घातलेली भर अधिक गंभीर आहे. कोंढाण्यावर ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ आणून तिच्या माऱ्याने राजगड उद्ध्वस्त करण्याचा बेत त्यात दाखविला आहे. सिंहगड आणि राजगड यांच्यातील सरळ अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. त्या काळातील तोफांचा परिणामकारक मारा याच्या जवळपासही पोहोचत नव्हता. ही चूक केवळ तांत्रिक नाही. कोंढाण्याचे खरे महत्त्व पुणे प्रांतावर नजर ठेवण्याच्या त्याच्या स्थानात होते. तोफेची कल्पना पुढे आणल्याने हे भौगोलिक व राजकीय कारण झाकले जाते.

दुसरी भर उदयभानाच्या चित्रणातील आहे. काळ्या वेशातील, मगर भाजून खाणारा, विकृत क्रौर्याचा हा खलनायक आहे. साधनांतील उदयभान मात्र आपला गड राखताना लढून मेलेला किल्लेदार आहे. पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंगही राजपूतच होते, हे ध्यानी घेतले तर त्या काळातील निष्ठांची गुंतागुंत समजते. प्रतिस्पर्ध्याला राक्षस केल्याने ही गुंतागुंत नाहीशी होते, आणि तानाजीचे शौर्यही एका अर्थी उणावते. कारण तुल्यबळ योद्ध्याशी झुंजण्यातच त्याची थोरवी होती. उदयभानाची भूमिका करणारे सैफ अली खान यांनीही प्रदर्शनानंतर एका मुलाखतीत, हा इतिहास नव्हे, असे मत व्यक्त केले होते. या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकप्रियता व सत्यता या दोन भिन्न कसोट्या आहेत, एवढेच यावरून सूचित होते.

मूल्यमापनाचे निकष :

चित्रपटाकडून बखरीची अपेक्षा करणे योग्य नाही. साधने जेथे मौन पाळतात तेथे संवाद, चेहरे आणि वेश कल्पनेनेच भरावे लागतात. म्हणून कल्पनेचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक वाटते. पहिला, साधनांतील रिकाम्या जागा भरणारी कल्पना. ती अपरिहार्य आहे. दुसरा, परंपरेतून आलेली आख्यायिका. ती आख्यायिका म्हणून ओळखली जावी. तिसरा, साधनांच्या विरोधात जाऊन घटनेची कारणे किंवा व्यक्तीचे स्वरूपच बदलणारी कल्पना. तिचे समर्थन आरंभीच्या अस्वीकरणाच्या पाटीने होऊ शकत नाही, कारण पाटी क्षणात सरते आणि दृश्य आयुष्यभर स्मरणात राहते.

निष्कर्ष :

सिंहगडाच्या लढाईचा प्रवास बखर, पोवाडा, कादंबरी आणि चित्रपट अशा चार टप्प्यांचा आहे. प्रत्येक टप्प्याने काही जोडले आणि काही गाळले. गाळले गेलेल्यांत सूर्याजीचे कर्तृत्व ठळक आहे. नायक पडल्यानंतर गड घेणारा तोच होता. इतिहासाच्या अध्यापकाने अशा चित्रपटांकडे पाठ न फिरविता, सभासदाची काही पाने आणि चित्रपटातील तोच प्रसंग विद्यार्थ्यांसमोर शेजारी ठेवावा. कोणता तपशील कोठून आला, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधले तर साधनचिकित्सेचा पहिला धडा तेथेच मिळेल. तानाजीच्या पराक्रमाला नागीण तोफेची गरज नव्हती. अंधारी रात्र, उभा कडा आणि मूठभर मावळे एवढे सत्य त्याच्या थोरवीस पुरेसे आहे.