वाटाण्याच्या कुंडीपुढील कॅमेरा

कारागिराने काम मागावयाचे तर आधी हात दाखवावयाचा, ही रीत फार जुनी आहे. फिटरला लोखंडाचा तुकडा देऊन कानस चालवावयास लावतात. सुताराला सांधा जुळवून दाखवावा लागतो. आजचा छायालेखक निवडक दृश्यांची मिनिट-दोन मिनिटांची फीत जोडून निर्मात्यापुढे ठेवतो, तीही याच जातीची. आपल्या देशातील तिचा एक ठळक दाखला १९१२ सालचा असून तो दादासाहेब फाळके यांचा आहे.

फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, छपाई अशा वाटांनी ते चित्रपटाकडे वळले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, कोरी फीत व फितीला भोके पाडण्याचे यंत्र मिळविले. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. पुढे कथापटाला भांडवल हवे होते आणि धनिकाचा प्रश्न एकच असतो : हे तुम्हांला जमेल कशावरून?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि अंतराअंतराने एकेक चित्र टिपले. सेकंदाला सोळा चित्रांचा हिशेब धरला तर मिनिटभराच्या फितीस ९६० चित्रे लागतात. यावरून चिकाटीची कल्पना यावी. कॅमेरा तसूभर हलला, भोके वाकडी पडली, किंवा फीत धुताना हयगय झाली, तर पडद्यावर ते तत्काळ दिसावयाचे. या नटाला ना पगार हवा होता, ना पोशाख. कसोटी मात्र साऱ्या कसबाची होती. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी प्रभृतींनी कर्ज देऊ केले.

नमुना बहुतांशी एका माणसाचा. ‘राजा हरिश्चंद्र’ मात्र अनेकांचा. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी फिरविला; त्यांना तो फाळक्यांनीच शिकविला होता. सरस्वतीबाई फाळके यांनी फितीला भोके पाडली, फीत धुतली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. सिनेमाचे काम हलके गणले जाई, म्हणून मंडळींनी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ नोकरीस आहोत असे सांगावे, असे ठरले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांपुढे आला.

ते ‘कारखाना’ नाव लज्जारक्षणासाठी घेतलेले असले, तरी माझ्या मते तेच खरे होते. छायालेखकाच्या फितीतील प्रत्येक दृश्यामागे दिवे उचलणारे, रूळ टाकणारे, भिंग जुळविणारे हात असतात. तो आपली फीत घेऊन पुढचे काम मिळवू शकतो, आणि मिळवावेच. दिवा धरणाऱ्यापाशी दाखविण्यासारखी फीत नसते. श्रेयनामावलीतील नाव आणि वेतनाची चिठ्ठी, एवढाच त्याचा नमुना. ही दोन्ही त्याच्या हाती पडली पाहिजेत. ज्या धंद्याचा पाया एका नमुन्याने घातला गेला, त्या धंद्याकडे एवढे मागणे अधिक नव्हे.