आजारी कामगाराचा हक्क

गिरणीकामगाराच्या घरी आजार आला की त्याच्या मागोमाग सावकार येत असे. खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडाला, असा कारखान्यांचा शिरस्ता होता. एखादा मालक उचल देई. पण ती त्याची दया, कामगाराचा हक्क नव्हे. १९२३ च्या कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई मालकावर बंधनकारक झाली. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये स्त्रियांसाठी प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. साध्या तापाने अंथरूण धरलेल्या माणसाला मात्र कोणी वाली नव्हता. आजारपण कामगाराला कर्जात लोटते, हे व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये सांगितले, तरीही पुढची बारा वर्षे तशीच गेली.

मार्च १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर सोपविले. मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर झाला. प्रश्न मोठा अवघड होता. आजारी कामगाराचे वेतन त्याच्याच मालकावर टाकले, तर अशक्त माणसाला कामावर घेण्यास कोण धजेल? आणि साथीचा एक पावसाळा लहान कारखान्याला कसा झेपेल? विम्याने यातून वाट काढली. मालक आणि कामगार या दोघांनी वर्गणी भरावी आणि भत्ता सामाईक निधीतून मिळावा.

१९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या बारमाही कारखान्यांना तो प्रथम लागू झाला. त्यातील दोन कलमे विशेष मोलाची. मालकाने आपल्या हिश्श्याची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापता कामा नये, हे एक. आणि आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढता कामा नये, हे दुसरे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचा प्रारंभ झाला; १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबईस पोहोचली. आरंभी भत्ता वेतनाच्या सुमारे निम्मा, आणि तोही वर्षातून ५६ दिवसच मिळे. पुढे तो सत्तर टक्के झाला आणि मुदत ९१ दिवसांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला.

तथापि शेतमजूर, घरकामगार, नाक्यावर उभे राहणारे रोजंदार हे सारे १९४८ च्या त्या कुंपणाबाहेरच राहिले. त्यांच्या घरी आजारामागून येणारा सावकार त्या कायद्याने अडविला नाही. कामगाराचे आजारपण मालकाच्या मर्जीतून काढून हक्काच्या कक्षेत आणणे हे त्या कायद्याचे श्रेय; तो हक्क किती थोड्यांना मिळाला, ही त्याची मर्यादा.