उष्णता इंजिन (वर्गातील प्रात्यक्षिक)

उष्ण वस्तूकडून उष्णता घेऊन तिच्या काही भागाचे यांत्रिक कार्यात रूपांतर करणारे आणि उरलेली थंड वस्तूला देणारे यंत्र विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्ष चालवून दाखवणे. व्याख्येचा शेवटचा भाग पाठ होतो, पटत नाही. प्रात्यक्षिक त्याच्यासाठीच करायचे.

सर्वांत गाजलेले उदाहरण ग्लासगो विद्यापीठातले. वर्गात दाखवायचे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचे छोटे प्रतिरूप १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉट याच्याकडे दुरुस्तीला आले. दुरुस्तीनंतरही तरफ काही वेळा वरखाली झाली की वाफ अपुरी पडे. दर खेपेला पाण्याने गार केलेले सिलिंडर पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ जाते, हे त्याने हेरले. १७६५ मध्ये त्याला वेगळ्या संघनकाची, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर निववण्याची, कल्पना सुचली. नीट न चालणारे शालेय साहित्य एवढे फळल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

आज वर्गासाठी सर्वांत सोयीचे ते स्टर्लिंग इंजिन. स्कॉटिश धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग याने १८१६ मध्ये त्याचे एकस्व घेतले. टेबलावरच्या नमुन्यात धातूच्या दोन चकत्यांमध्ये हवा कोंडलेली असते. फोमची सैल चकती ती हवा गरम बाजूकडून थंड बाजूकडे व परत ढकलते. हवा प्रसरण-आकुंचन पावते आणि इवलासा दट्ट्या चाक फिरवतो. नमुना गरम पाण्याच्या कपावर ठेवून मिनिटभर थांबावे व चाकाला बोटाने टिचकी द्यावी. ते आपणहून सुरू होत नाही. वरची चकती तापत गेली की वेग मंदावतो. तिच्यावर बर्फाचा खडा ठेवताच वाढतो. आच तीच असताना वेग का वाढला, हा प्रश्न शिक्षकाने विचारण्याआधीच वर्गातून येतो. कपाऐवजी बर्फावर ठेवल्यास चाक उलटे फिरते.

फळ्यावर हिशेब मांडावा: पाणी ८०° से. (३५३ केल्व्हिन), खोली ३०° से. (३०३ केल्व्हिन). कार्नोच्या सूत्रानुसार कमाल कार्यक्षमता ५०/३५३, म्हणजे सुमारे १४ टक्के. खेळण्यातली त्याहून पुष्कळच कमी असते.

बंद डब्यात पाणी उकळून घरगुती बाष्पित्र करू नये; सुरक्षा-झडप नसेल तर तो स्फोटकच. वाफ दाखवायचीच तर जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट बोट पुरेशी आहे. पणतीच्या आचेने नळीतले पाणी वाफ होऊन मागे ढकलले जाते, वाफ निवते, पाणी पुन्हा आत ओढले जाते. तिची थंड बाजू शोधायला मुलांना वेळ लागतो: ती ज्या पाण्यावर तरंगते, तेच.