गाळातील दफ्तर : ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतींचा अस्त आणि सरोवरांची साक्ष

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. कागदपत्रे, शिलालेख, नाणी व उत्खननातील अवशेष ही साधने इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहेत. तथापि जेथे कागद संपतो आणि उत्खननही अपुरे पडते तेथे काय करावे, हा प्रश्न उरतोच. ग्रीनलंड बेटावरील नॉर्स वसाहतींचा अस्त हे अशा पेचाचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तेथील सरोवरांच्या तळाशी साचलेल्या गाळाने या इतिहासात कोणती भर घातली आणि कोणते रूढ मत अडचणीत आणले, याचा विचार केला आहे.

कागद जेथे संपतो :

इ. स. 985 च्या सुमारास एरिक द रेड याच्या नेतृत्वाखाली आइसलंडहून आलेल्या नॉर्स कुटुंबांनी ग्रीनलंडमध्ये वस्ती केली. दक्षिणेकडील वस्तीस ‘पूर्व वसाहत’ व आजच्या नूक शहराच्या परिसरातील वस्तीस ‘पश्चिम वसाहत’ असे म्हटले जाई. नावे फसवी आहेत. दोन्ही वसाहती नैऋत्य किनाऱ्यावरच होत्या. गाई, मेंढ्या व शेळ्या पाळणे, हिवाळ्यासाठी वैरण साठविणे आणि वॉलरसचे सुळे युरोपात पाठविणे यांवर हे जीवन उभे होते. बाराव्या शतकात गार्दर येथे बिशपचे पीठही स्थापन झाले.

चौदाव्या शतकाच्या मध्यास इवार बार्दार्सन नावाचा धर्माधिकारी पश्चिम वसाहतीत गेला असता त्यास तेथे माणूस आढळला नाही, केवळ मोकाट गुरे दिसली, असे त्याच्या नावावरील वृत्तान्तात म्हटले आहे. पूर्व वसाहतीविषयीची शेवटची लिखित नोंद 1408 मध्ये ह्वाल्सी येथील चर्चमध्ये झालेल्या एका विवाहाची आहे. या नोंदीत दुष्काळ, रोगराई वा युद्ध यांचा मागमूस नाही. त्यानंतर मौन. 1721 मध्ये हान्स एगेडे हा मिशनरी या लोकांच्या शोधार्थ पोहोचला, तेव्हा त्यास इन्यूइट लोक भेटले. नॉर्स लोकांचे केवळ पडके चौथरे व भिंती उरल्या होत्या.

या मौनाचा अर्थ लावताना ‘लघु हिमयुगाच्या थंडीने वसाहती संपविल्या’ हे विधान इतके रूढ झाले की पाठ्यपुस्तकांतून ते पुराव्याविनाच येऊ लागले. प्रस्तुत लेखकानेही वर्गात अनेक वर्षे तेच सांगितले आहे. 2005 मध्ये जॅरेड डायमंड यांनी ‘कोलॅप्स’ या ग्रंथात त्यास आणखी एक आरोप जोडला : या लोकांनी जमिनीची धूप ओढवून घेतली व जीवनपद्धती बदलण्यास नकार दिला.

गाळाचे वाचन :

सरोवराच्या तळाशी दरवर्षी मातीचे कण, परागकण, शैवाल व पानांवरील मेणाचे अंश साचत जातात. तळात पोकळ नळी उभी खुपसून हा गाळ थरांसह वर काढला जातो. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. ध्रुवीय व उपध्रुवीय सरोवरे यास विशेष अनुकूल असतात. थंडीमुळे सेंद्रिय द्रव्य सावकाश कुजते आणि मानवी वस्ती विरळ असल्याने तिचा हस्तक्षेप ठळकपणे उठून दिसतो.

2011 मध्ये विल्यम डी’आन्ड्रिया व सहकाऱ्यांनी आर्क्टिक वृत्ताच्या आतील कांगेरलुसुआक परिसरातील दोन सरोवरांच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शैवालांतील स्निग्ध रेणूंची रचना पाण्याच्या तापमानानुसार बदलते. तिच्या आधारे त्यांनी सुमारे 5,600 वर्षांचे तापमान मांडले. इ. स. 1100 च्या सुमारास सुरू होऊन अवघ्या 80 वर्षांत तापमान सुमारे 4 अंश सेल्सिअसने उतरले, असे त्यांना आढळले. रूढ मतास यामुळे बळ मिळाले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून हिशेब करावयास हवा. या घसरणीनंतर पश्चिम वसाहत दीडशेहून अधिक वर्षे आणि पूर्व वसाहत त्याहूनही दीर्घकाळ टिकून होती. शिवाय कांगेरलुसुआक पूर्व वसाहतीपासून शेकडो किलोमीटर उत्तरेस आहे. नाशिकच्या पावसावरून कोल्हापूरचे पीक सांगण्यासारखेच हे होय.

ही उणीव 2022 मध्ये बोयांग झाओ, रेमंड ब्रॅडली व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने काही अंशी भरून काढली. त्यांनी पूर्व वसाहतीच्या परिसरातीलच एका सरोवराचा गाळ निवडला. जिवाणूंच्या पेशीपटलातील रेणूंवरून तापमान आणि पानांवरील मेणातील जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून ओलावा, असे दोन स्वतंत्र निर्देशक त्यांनी वापरले. बाष्पीभवन वाढले की हलका हायड्रोजन आधी उडून जातो व जड मागे राहतो, हे त्यामागील तत्त्व. निष्कर्ष अनपेक्षित होता. नॉर्स वस्तीच्या काळात तेथे तापमानात लक्षणीय बदल दिसला नाही. मात्र हवामान सातत्याने कोरडे होत गेले आणि हा कोरडेपणा सोळाव्या शतकात कळसास पोहोचला. कोरडेपणा म्हणजे गवत कमी, गवत कमी म्हणजे वैरण कमी, आणि वैरणीविना गुरे हिवाळा काढू शकत नाहीत. गार्दर येथे शेतांना पाणी देण्यासाठी खोदलेल्या पाटांच्या खुणा आढळल्या आहेत. त्यांचे प्रयोजन या गाळाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते, असे वाटते.

धुपेच्या आरोपाचे काय? गार्दरच्याच जागी आज इगालिकू हे गाव आहे. तेथील सरोवराच्या गाळात फ्रेंच संशोधकांना जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू व पित्तातील आम्लांचे अंश सापडले. चराईचा चढउतार त्यांवरून थेट वाचता येतो. मध्ययुगात धूप वाढली हे खरे, पण ती नैसर्गिक प्रमाणाच्या साधारण दुप्पट होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यांत्रिक शेतीने झालेली धूप याहून कितीतरी अधिक आहे. जीवनपद्धती न बदलल्याचा दावाही टिकत नाही; अस्थींच्या विश्लेषणानुसार नॉर्स लोकांच्या आहारातील सागरी अन्नाचा वाटा सुमारे 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांपर्यंत गेला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते मृत समाजावर अडाणीपणाचा ठपका ठेवणे सोपे असते, कारण तो उत्तर देत नाही.

कालनिश्चितीची मर्यादा :

गाळाचे दफ्तर तारखा लिहून ठेवत नाही. अलीकडील दीड शतकासाठी शिसे-210 आणि त्यापूर्वीच्या काळासाठी कार्बन-14 यांचा आधार घेतला जातो. ध्रुवीय प्रदेशात गोठलेल्या मातीतून जुना कार्बन सरोवरात वाहून येतो व थर प्रत्यक्षाहून जुना भासतो. म्हणून शक्यतो पाने वा डहाळ्यांचे अवशेष निवडून काळ ठरविला जातो. तरीही अनेक दशकांची अनिश्चितता राहतेच. 1408 च्या विवाहाशी गाळाचा अमुक एक थर जोडणे त्यामुळे शक्य नाही. सोळाव्या शतकातील कोरडेपणाचा कळस तर वसाहत बहुधा ओस पडल्यानंतरचा आहे. कोरडेपणा हे एक कारण झाले. वॉलरसच्या सुळ्यांचा घटता बाजार व नॉर्वेशी तुटत गेलेली जहाजवाहतूक ही कारणे गाळात उमटत नाहीत, ती कागदांतच शोधावी लागतात.

महाराष्ट्राच्या अभ्यासकास हा पेच परका नाही. लोणार सरोवराच्या गाळात सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ अवर्षणाच्या खुणा आढळल्या आहेत, आणि परंपरेने 1396 पासून बारा वर्षे चालल्याचे सांगितलेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच कालखंडाच्या शेवटास येतो. ही दोन टोके जोडण्याचा मोह होतो. पण लोणारच्या गाळाची कालनिश्चिती दशकांच्या अनिश्चिततेची आहे, आणि बारा वर्षांचा आकडा परंपरेचा.