बंदुकीच्या नक्षीवरचा पारदर्शक लेप

१४. येथे वर्णिलेल्या निळ्या-तपकिरी छटा म्हणजे रंगकाम नव्हे. इंग्लिश बंदूककार चापाभोवतीचे पोलादी भाग हाडांच्या व चामड्याच्या कोळशात बंद करून तापवत आणि एकदम पाण्यात सोडत. त्याने पोलादाचे कवच कठीण होई आणि वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर उमटे. हाताळणीने तो झिजतो, म्हणून त्यावर पारदर्शक लॅकर देतात. पण हा लेप विरळच हवा. जाड लेप कोरीव रेघांत साचला, की पर्डी या इंग्लिश बंदूककारांच्या गुलाब-वेलबुट्टीची धारच बुजते. झिजलेल्या छटांपेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते. बंदूक संग्रहातच राहणार असेल, तर १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेले सूक्ष्मस्फटिकी मेण अधिक सौम्य, आणि ते सहज उतरवताही येते. —संपा.