आपत्कालीन सेवा कर आणि शेतकरी : व्हिक्टोरियातील वाद काय आहे?

वणवा विझवणारे दल, पुरात मदतीला येणारी पथके आणि संकटात फोन उचलणारी यंत्रणा सर्वांसाठी असते. तिचा खर्च कोणी किती उचलायचा, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२५ साली पेटला. तिथल्या सरकारने १ जुलै २०२५ पासून 'आपत्कालीन सेवा व स्वयंसेवक निधी' नावाची नवी करपद्धत आणली. ग्रामीण भागातील हजारो शेतकरी तिच्याविरोधात रस्त्यावर उतरले.

हा कर नेमका कसा आकारला जातो?

हा कर मालमत्तेवर आहे. स्थानिक नगरपालिका, म्हणजे तिथली कौन्सिल, तो वार्षिक घरपट्टीच्या बिलातूनच वसूल करते आणि राज्य सरकारकडे जमा करते. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग ठरावीक रकमेचा : २०२५-२६ साठी घरांना १३६ डॉलर आणि शेतजमिनीसह इतर मालमत्तांना २७५ डॉलर. दुसरा भाग मालमत्तेच्या किमतीप्रमाणे बदलतो. त्यासाठी जमीन, तिच्यावरील घर, गोठे, गोदामे अशी सगळी बांधकामे मिळून होणारी किंमत धरतात. दर १,००० डॉलर किमतीमागे किती सेंट, असा हा दर असतो आणि सरकार तो दरवर्षी ठरवते. घर, शेती, दुकान आणि कारखाना यांचे दर वेगवेगळे असतात.

आधी विम्यातून, मग मालमत्तेतून

२०१३ पर्यंत व्हिक्टोरियात अग्निशमन दलांचा मोठा खर्च विम्याच्या हप्त्यांतून निघत असे. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे' वणव्यांत १७३ जणांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने या पद्धतीतील अन्याय दाखवून दिला. विमा काढणारा पैसे भरतो, न काढणारा काहीच भरत नाही. आग लागली की बंब मात्र दोघांकडेही जातो. म्हणून १ जुलै २०१३ पासून मालमत्तेवर 'अग्निशमन सेवा कर' लागू झाला. विमा असो वा नसो, प्रत्येक मालकाला तो भरावा लागे.

नव्या निधीने २०२५ मध्ये या कराची जागा घेतली आणि व्याप्ती वाढवली. पूर्वी पैसा अग्निशमन दलांपुरता होता. आता पूर-वादळात काम करणारी राज्य आपत्कालीन सेवा, 'ट्रिपल झिरो' फोन यंत्रणा, जंगलातील वणवे हाताळणारा विभाग आणि आपत्तीनंतरचे पुनर्वसन यांनाही तो मिळतो. हवामान बदलामुळे आपत्ती वाढल्या, खर्चही वाढला, असे सरकारचे म्हणणे आहे. जो खर्च आधी सरकारी तिजोरीतून होत असे, तोच आता मालमत्ताधारकांवर ढकलला, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

शेतकऱ्याचे बिल किती वाढणार होते?

शेतीचा जुना दर १,००० डॉलरमागे २८.७ सेंट होता. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो ८३ सेंट करण्याचे जाहीर केले, म्हणजे जवळपास तिप्पट. विरोधानंतर, मे २०२५ मध्ये कायदा मंजूर होताना तो ७१.८ सेंटवर आणला गेला. ही वाढही दीडशे टक्क्यांची होती.

४० लाख डॉलर किमतीच्या शेताचे उदाहरण घेऊ. जुन्या दराने त्याचा कर १,१४८ डॉलर आणि ठरावीक रक्कम २६७ डॉलर, असे १,४१५ डॉलर होत. ८३ सेंटच्या दराने हेच बिल ३,५९५ डॉलर झाले असते आणि ७१.८ सेंटने ३,१४७ डॉलर. मेलबर्नमधील मराठी कुटुंबांच्या घरांनाही हा कर लागतो. घरांचा दर ८.७ सेंटवरून १७.३ सेंट, म्हणजे दुप्पट झाला. पण ८ लाख डॉलरच्या घराचे बिल २०२ डॉलरवरून २७४ डॉलरपर्यंतच जाते.

मालमत्ता मोठी, हातात पैसा कमी

शेतकऱ्यांचा मुख्य आक्षेप इथेच आहे. जमीन हे त्यांचे उत्पादनाचे साधन आहे. गहू पिकवायला किंवा मेंढ्या चारायला शेकडो हेक्टर लागतात. जमिनीचा भाव वाढला म्हणून गव्हाला किंवा लोकरीला जास्त भाव मिळत नाही. वाढलेला भाव हातात येतो तो जमीन विकल्यावर, कर मात्र दरवर्षी भरावा लागतो. दुष्काळाच्या वर्षी उत्पन्न घटते, वैरण विकत घ्यावी लागते, तरी कराचे बिल कमी होत नाही.

महाराष्ट्रातील शेतसाऱ्याशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. सातबाऱ्यावरील 'आकार' जमिनीच्या प्रतीवरून ठरलेला असतो. शेजारची जमीन कोटीला विकली गेली म्हणून तो वाढत नाही. व्हिक्टोरियात मालमत्तांचे मूल्यांकन दरवर्षी होते. त्यामुळे शहरातून आलेल्या किंवा गुंतवणूक म्हणून जमीन घेणाऱ्यांनी भाव चढवले, तर जुन्या शेतकऱ्याचे मूल्यांकनही चढते.

विझवणारेही तेच, भरणारेही तेच

ग्रामीण भागात वणवे विझवण्याचे काम 'कंट्री फायर ऑथॉरिटी' अर्थात सीएफए ही संस्था करते. तिचा कणा म्हणजे बिनपगारी स्वयंसेवक, आणि त्यांत शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. अनेकजण स्वतःच्या गाडीवर पाण्याची टाकी आणि पंप बसवून आगीवर धावतात. आपला वेळ, गाडी, डिझेल खर्चून सेवा देणाऱ्यानेच वाढीव कर भरायचा, ही बाब त्यांना जास्त लागली.

यावर उपाय म्हणून सरकारने सीएफए आणि राज्य आपत्कालीन सेवेच्या पात्र स्वयंसेवकांना परतावा देऊ केला. तो घर किंवा शेत यांपैकी एकाच मालमत्तेवर मिळतो. आधी बिल भरा, मग अर्ज करा, या पद्धतीवरही टीका झाली.

आंदोलन आणि सवलत

२० मे २०२५ रोजी, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी, मेलबर्नच्या संसद भवनासमोर शेतकरी आणि स्वयंसेवकांनी मोठी निदर्शने केली. अग्निशमन गाड्याही शहरात आल्या. त्या काळात राज्याचे अनेक भाग तीव्र दुष्काळात होते. मेअखेरीस सरकारने दुष्काळाचे कारण देऊन सर्व शेतकऱ्यांना २०२५-२६ साठी जुनाच, २८.७ सेंटचा दर लागू केला. वाढ टळली, पण जमिनीच्या किमतीवर कर ही मूळ पद्धत कायम राहिली.

इतर राज्यांत काय?

साउथ ऑस्ट्रेलियात १९९९ पासून आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २००३ पासून मालमत्तेवरच असा कर आहे. न्यू साउथ वेल्समध्ये अजून विम्याचीच जुनी पद्धत चालते. तिथे ७३.७ टक्के खर्च विमा कंपन्यांमार्फत, १४.६ टक्के राज्य सरकारकडून आणि ११.७ टक्के कौन्सिलांकडून येतो. २०१७ मध्ये तिथे मालमत्तेवरील कर लागू होणार होता. अनेकांची बिले अपेक्षेपेक्षा फार वाढणार हे दिसताच सरकारने तो जेमतेम महिनाभर आधी थांबवला.

दोन्ही पद्धतींत कोणावर तरी जास्त भार पडतोच. विम्यावर कर लावला तर जबाबदारीने विमा काढणारा इतरांचा खर्च उचलतो आणि महागलेला विमा टाळण्याकडे लोकांचा कल वाढतो. मालमत्तेवर लावला तर सगळे भरतात, पण जमीन जास्त आणि रोख कमी असलेल्याला तो जड जातो. म्हणूनच शेतीचा दर वेगळा ठेवणे पुरेसे ठरत नाही. तो उत्पन्नाला झेपेल इतका आहे का, हे दरवर्षी पाहावे लागते.